तोंडी परीक्षेतला न्यूट्रिनो

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बल्लारपूरहून रोज पॅसेंजरने चंद्रपूरला एम.एस्सी.च्या वर्गाला जायचे. कणभौतिकी शिकवणारे आमचे सरही त्याच गाडीने यायचे. वर्गात ते पुस्तक वाचून दाखवायचे, शिकवायचे ते गाडीत. त्या गाडीतल्या सरांना मी फार मानायचे.

एकदा आमच्या गाडीने कोळशाच्या मालगाडीला मागे टाकलं. "पाह्य, थे मालगाडी उलटी जाऊन राह्यली असं वाटते ना?" सर म्हणाले, आणि तिथून न्यूट्रिनोवर आले. इलेक्ट्रॉनचा प्रतिकण ओळखणं सोपं, त्याचा विद्युतभार उलटा असतो. न्यूट्रिनोला भारच नाही. उरतो फरक गिरकीचा. पुढे जाताना न्यूट्रिनो डावीकडे गिरकी घेतो, प्रतिन्यूट्रिनो उजवीकडे. पण न्यूट्रिनोला थोडंसं का होईना वस्तुमान आहे, अशी बातमी नुकतीच आली होती. वस्तुमान असेल तर त्याचा वेग प्रकाशापेक्षा कमी, म्हणजे त्याला मागे टाकता येतं. मागे टाकलं की तो उलटा जाताना दिसणार, गिरकी मात्र तीच, म्हणजे डावरा होता तो उजवा दिसणार. मग हे दोन वेगळे कण, की एकच?

"हे अजून ठरलंच नाई, पोरी. कोनी विचारलं तं बिनधास्त असंच सांग."

विचारलं ते नेमकं तोंडी परीक्षेत. मला संशोधनाला जायचं होतं, त्यासाठी पहिला वर्ग हवा होता आणि लेखीत मी काठावर होते. समोर बाहेरगावचे परीक्षक, त्यांच्या शेजारी आमचे सर. न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो वेगळे की एकच, हा प्रश्न ऐकून मला हसूच आलं, इतका तो आयता होता. अजून ठरलेलं नाही, असं मी ठणकावून सांगितलं आणि कारणही सांगू लागले. परीक्षकांनी हातानेच थांबवलं.

"वेगळे आहेत. पुस्तकात स्पष्ट दिलंय. हे तुम्हाला शिकवलं कोणी?"

मी सरांकडे पाहिलं.

"आजकालची मुलं पुस्तक उघडत नाहीत, सर," ते परीक्षकांना म्हणाले. "इकडचं तिकडचं ऐकून येतात."

संताप इतका आला की पुढच्या साध्या प्रश्नांनाही मी चुकीची उत्तरं दिली. बाहेरच्या माणसाने चूक ठरवलं असतं तर मी भांडले असते. सरांशी कशी भांडणार?

नंतर व्हरांड्यात चहा सुरू होता. सर हळूच माझ्याजवळ आले. "तुझं उत्तर बरोबर होतं," ते म्हणाले. वर हसलेही, जणू बक्षीस देत होते.

"मग आत काऊन नाई बोल्ले?"

"अवं, पुढच्या साली त्याईच्या कॉलेजात मले परीक्षक म्हणून बोलवून राह्यले. मंग आत वाद कुठी घालू?"

"मले नका सांगू, सर. त्याईले सांगा. मार्क अजून दिले नसन त्याईनं."

परीक्षक पलीकडेच खांबाला टेकून उभे होते. सर खरंच त्यांच्याकडे वळले. इतकं होऊनही मला वाटत होतं, सांगतील.

"सर," त्यांनी विचारलं, "अजून अर्धा कप घेता?"