तबकडी क्रमांक तेवीस

दप्तरखान्यात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक वाळवी, दुसरे किस्से. वाळवीवर दर सहा महिन्यांनी औषध मारता येतं. किश्श्यांवर अजून तरी औषध निघालेलं नाही!

मी रत्नागिरीतल्या एका छोट्या संस्थेच्या दप्तरखान्यात ऐंशीच्या दशकातली नऊ वर्षं काढली. हुद्दा सूचीकार. म्हणजे जुना कागद किंवा वस्तू हातात घ्यायची, तिला नंबर द्यायचा आणि रजिस्टरात तिची माहिती भरायची. लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस विचारायचा, "आपण काय करता?" मी सांगितलं की तो दुसऱ्या बाजूच्या माणसाशी बोलायला लागायचा. त्यामुळे हे किस्से माझ्याकडेच पडून राहिले. आज तुम्ही निवांत बसलाच आहात तर ऐका. काही हसण्यासारखे आहेत. सगळे नाहीत.

आम्ही तिथे तिघंच. भाऊसाहेब हे आमचे प्रमुख, निवृत्त मामलेदार. सखाराम शिपाई, मंडणगडकडचा, पन्नाशी गाठलेला. त्याला वाचता येत नसे, पण कागदांचं कुठलं गाठोडं कुठल्या फळीवर आहे ते डोळे मिटून सांगायचा. आणि तिसरा मी, दामले.

*

भाऊसाहेबांचा एक सिद्धांत होता. कोकणच्या दमट हवेत कुठलीच वस्तू टिकत नाही, म्हणून प्रत्येक वस्तूचा फोटो काढून ठेवायचा. "वस्तू मरते, दामले. फोटो राहतो!" हे वाक्य ते दिवसातून दोनदा म्हणत.

आम्ही फोटो काढून घेतले. नाणी, दिवे, शिक्के, पालखीचे दांडे. सगळ्यांचे फोटो एका लोखंडी कपाटात रचून ठेवले. पावसाळा झाला, दसऱ्याला कपाट उघडलं, तर वस्तू ठणठणीत आणि फोटोंवर बोटभर बुरशी!

मी भीतभीत भाऊसाहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "मग आता फोटोंचे फोटो काढा."

*

आमच्याकडे जुन्या कचेरीतून आलेले काही कागद होते. इंग्रजांच्या वेळचे. ते आमच्याकडे येण्याआधी कुणीतरी त्यातल्या नको त्या ओळींवर काळी शाई फासून ठेवली होती. कुठे नाव गडप, कुठे गावाचं नाव गडप. फासणारा माणूस मोठा कामसू असावा. एका पत्राला तर त्याने वरपासून खालपर्यंत काळं केलं होतं. वाचता येत होती ती फक्त शेवटची ओळ, "आपला आज्ञाधारक सेवक."

आता याची नोंद काय करायची? रजिस्टरात 'विषय' असा रकाना असतो. मी लिहिलं, "विषय कळत नाही." भाऊसाहेबांनी ते खोडायला लावलं.

"कळत नाही असं लिहू नये. 'विषय गोपनीय' लिहा. कागदाचीही अब्रू राहते आणि आपलीही!"

सखाराम मात्र त्या शाई फासणाऱ्याला मनापासून शिव्या द्यायचा. प्रत्येक काळा कागद उजेडात धरून बघायचा आणि म्हणायचा, "मेल्याचा हात कसा नाय थरथरला ओ?" मीही त्याच्या सुरात सूर मिळवायचो. तेव्हा मला ते शोभत होतं.

*

त्याच कागदांत एका गावातून चळवळीत पकडलेल्या माणसांची यादी होती. अकरा नावं वाचता येत होती. बाराव्या ओळीवर काळं.

एकदा खेडहून एक निवृत्त शिक्षक आले. धोतर, टोपी, आणि खिशात चक्क फूटपट्टी! त्यांनी ती काळी पट्टी मोजली, मग वरच्या नावांची अक्षरं मोजली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "एवढ्या जागेत आमच्या आजोबांचंच नाव बसतं. पूर्ण नाव, आडनावासकट."

आम्ही त्यांना चहा पाजला. पंधरा दिवसांनी त्याच गावचा दुसरा माणूस आला. त्यानेही मोजलं. त्याच्याही आजोबांचं नाव तेवढ्याच जागेत बसलं! आता काय करावं? भाऊसाहेब म्हणाले, "दामले, शाईखाली जागा पुष्कळ आहे. दोन्ही आजोबा सुखात राहू देत."

पुढे एका वेगळ्या गाठोड्यात त्याच यादीची कार्बन कॉपी निघाली. तिच्यावर शाई नव्हती. बाराव्या ओळीत पकडलेल्या माणसाचं नाव नव्हतंच. तिथे लिहिलं होतं, "खबर देणारा," आणि पुढे नाव. ते त्या दोन आजोबांपैकी एकाचं होतं. कुणाचं, ते मी तुम्हाला सांगणार नाही. भाऊसाहेबांनी ती कॉपी स्वतःच्या हाताने परत बांधून टाकली आणि त्या दिवशी सिद्धांत वगैरे काही सांगितला नाही.

*

मग आल्या तबकड्या. दापोलीकडच्या एका बागायतदारांनी घर बंद करताना ग्रामोफोनच्या एक्केचाळीस तबकड्या आमच्याकडे पाठवल्या. लाखेच्या, जड, जुन्या. ग्रामोफोन मात्र पाठवला नाही. तो आधीच कुणीतरी नेला होता. म्हणजे आमच्याकडे एक्केचाळीस तबकड्यांची गाणी, आणि ऐकायला काही नाही!

पण नोंद तर करायलाच हवी. मी लिहायला बसलो. गाणाऱ्याचं नाव, आणि पुढे वर्णनाचा रकाना. "रंग काळा. आकार गोल. मध्ये भोक." पुढची. "रंग काळा. आकार गोल. मध्ये भोक." असं एक्केचाळीस वेळा. भाऊसाहेब पानं उलटता उलटता थांबले.

"दामले, एखादी चौकोनी निघाली तर वेगळ्या शाईने लिहा हो!"

*

आता हा किस्सा सांगायचा की नाही, असं दर वेळी मनात येतं. मी सांगतो, कारण न सांगून पाहिलं आहे.

तबकड्यांचे फोटो काढायचे होते. भाऊसाहेब लेकीकडे पुण्याला गेलेले. दिनू फोटोग्राफर आला. आमच्या खोलीत उजेड नाही, आणि फ्लॅश मारला की तबकडी आरशासारखी चमकायची, मधल्या कागदावरचं गाणाऱ्याचं नाव दिसायचंच नाही. दिनू म्हणाला, "बाहेर अंगणात काढू."

सकाळी मांडून बघितल्या, तर तिरप्या उन्हात कडेची सावली पडायची. मला ती सावली खटकायला लागली. फोटो कसा स्वच्छ हवा! मी म्हटलं, "थांबू. सूर्य डोक्यावर आला की काढू."

महिना वैशाख. अंगण जांभ्या चिऱ्याचं. भर दुपारी एक्केचाळीस तबकड्या आम्ही चिऱ्यांवर रांगेत मांडल्या, प्रत्येकीजवळ नंबराची चिठ्ठी. सखाराम अनवाणी होता. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत म्हणाला, "सायेब, चिरा लय तापलाय. भाकरी भाजंल!"

"भाकरी नाही भाजायचीय, फोटो काढायचाय," मी म्हटलं. स्वतःच्या विनोदावर मीच हसलो होतो, तेही आठवतं.

दिनूने एकेक करत सगळ्यांचे फोटो काढले. मग आम्ही आत जेवायला बसलो. आमरस होता. दिनूने तीनदा घेतला. हात धुवून बाहेर आलो तर सखाराम अंगणाच्या कडेला उकिडवा बसलेला. तबकड्या विड्याच्या पानांसारख्या दुमडल्या होत्या. त्यांच्या बारीक रेघा चिऱ्याला चिकटलेल्या.

सखाराम एवढंच म्हणाला, "सायेब, गानी इतळली."

लाख उन्हात वितळते हे कुठल्याही कासाराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. मी बी.ए. होतो. मला कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

*

त्या संध्याकाळी मी रजिस्टरात प्रत्येक नंबरापुढे, 'मूळ वस्तूची स्थिती' या रकान्यात, खरं ते लिहिलं, "फोटोसाठी उन्हात ठेवल्याने निकामी." एक्केचाळीस वेळा. खरंच लिहिलं होतं हो!

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊसाहेब पुण्याहून यायचे होते. सकाळी मी लवकर आलो, शिक्के मारायची काळी शाई घेतली, आणि त्या रकान्यातल्या एकेका ओळीवर फिरवली. हात नाही थरथरला.

सखाराम केरसुणी हातात घेऊन दारात उभा होता. त्याने सगळं पाहिलं. मग म्हणाला, "बरं झालं सायेब. आता आपून पन सरकार झालो!"

भाऊसाहेबांनी फोटो पाहिले आणि माझी पाठ थोपटली. "अप्रतिम! एक सावली नाही!" तबकड्यांचं विचारलं तेव्हा मी सांगितलं, "साफ करायला मुंबईला पाठवल्यात." त्यांनी मान डोलावली. वस्तू मरते, फोटो राहतो, हे त्यांना मान्यच होतं. तबकड्या एका पोत्यात मागच्या फळीखाली होत्या.

*

श्रावणात एक बाई आल्या. साठीच्या आसपासच्या, नऊवारी, हातात चादरीत गुंडाळलेलं मोठं बोचकं. आंजर्ल्याच्या कमलाकाकू. खाडी तरीतून ओलांडून, हर्णैला एस.टी. धरून, दापोलीला बदलून आलेल्या. त्यांनी बोचकं टेबलावर ठेवलं, गाठ सोडली. आत ग्रामोफोन!

"तुमच्याकडे यंत्र नाही असं कळलं, म्हणून शेजाऱ्यांचं घेऊन आल्ये," त्या म्हणाल्या. "कंडक्टर म्हणालान, काकू, हे मांडीवर घेतलंत तर लेकरू समजून सोडतो!"

काकूंची आई गात असे. तिने लग्नाआधी मुंबईला जाऊन एकच तबकडी भरली होती. काकू आठ महिन्यांच्या असताना ती गेली. ज्या बागायतदारांनी तबकड्या पाठवल्या, ते तिच्या माहेरचे.

"तिचा फोटो नाही, काही नाही. आवाज कसा होता ते कुणाला धड सांगता येत नाही. आत्या म्हणायची पातळ होता. मामा म्हणायचा जड होता. एकदा ऐकलं की झालं. मग मला काही नको."

मी रजिस्टर उघडलं. नाव होतं. क्रमांक तेवीस. काकू माझ्या खांद्यावरून बघत होत्या.

"ह्या ओळीवर काळं कोणी फासलंन हो?"

"नियम असतो, काकू. सरकारी."

"आणि तबकडी?"

"मुंबईला गेल्ये. साफ करायला."

त्यांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "मग यंत्र इथंच ठेवत्ये. आली की कार्ड टाका. हे पुन्हा तरीतून आणायला नको."

ग्रामोफोन माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर दोन वर्षं होता. काकू दर तीन-चार महिन्यांनी यायच्या. येताना कधी आमसुलं, कधी कुळथाचं पीठ घेऊन यायच्या. "अजून नाही आली?" "अजून नाही, काकू." मग यंत्र पदराने पुसायच्या आणि शेवटची एस.टी. चुकू नये म्हणून निघायच्या. मला प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगावं. त्यांनी दिलेली आमसुलं मी घरी नेत नसे. सखारामला द्यायचो. तोही नेत नसे.

*

तिसऱ्या वर्षी त्या आल्या त्या काठी टेकत. म्हणाल्या, "दामले, आता येणं होणार नाही. तबकडी नाही तर नाही. तिचा फोटो आहे ना तुमच्याकडे? तो दाखवा."

मी तेवीस नंबरचा फोटो काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्म्यावर आणखी भिंग धरलं. आईचं नाव वाचलं. दोनदा वाचलं. मग बोट नावावरून कडेकडे गेलं आणि तिथंच थांबलं.

"हा चिरा ना? अंगणातला?"

"हो."

"सावली नाही हो कुठे. आमसुलं वाळत घालताना असं होतं आमच्याकडे. सूर्य डोक्यावर आला की सुपाची सावली सुपाखाली जाते." भिंग आणखी जवळ गेलं. "ही एवढी कड मात्र उचलल्ये. तिच्याखाली जराशी आहे सावली."

सखाराम दारात येऊन उभा राहिला होता.

"कोणता महिना होता, दामले?"

माझ्या तोंडात तयार होती ती सगळी उत्तरं मुंबईची होती. मी म्हटलं, "वैशाख."

काकूंनी भिंग बाजूला ठेवलं. फोटो रुमालात गुंडाळून पिशवीत घातला. मी परत द्या असं म्हटलं नाही, त्यांनी नेऊ का असं विचारलं नाही. मग काठी टेकत स्टुलाकडे गेल्या आणि नेहमीसारखं ग्रामोफोनवरून पदर फिरवला.

मी पुढे झालो. "काकू, यंत्र एस.टी.पर्यंत आणून देतो."

"राहू दे इथंच. शेजाऱ्यांना मी सांगत्ये. दुसऱ्या कुणाची आई सापडली, तर लागेल."

दाराशी जाऊन त्या वळल्या.

"तेवढा त्याचा फोटो काढू नका हो."