जमादारांचे परसों

माझ्या आत्याच्या यजमानांइतका चोरांना जीव लावणारा पोलीस निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरा झाला नसेल. टेंभुर्णीच्या चौकीवर ते जमादार होते आणि आम्ही पोरे त्यांना मामा म्हणत असू. गस्तीला निघाले की चावडीपासूनच ते मोठमोठ्याने खाकरत जात, म्हणजे ज्याला पळायचे त्याने वेळेत पळावे. "चोराला रस्ता ठेवावा. कोंडला का चावतो," हे त्यांचे पोलिसी शास्त्र. सरकारी बूट झिजू नयेत म्हणून ते गळ्यात अडकवून अनवाणी चालत आणि पुढच्या गावाची वेस आली की पाय धुऊन चढवीत. त्यांच्या बंदुकीच्या नळीत एका गांधीलमाशीने घर केले होते. शिपायाने ते काडीने उकरायला घेतले तर मामा त्याच्यावर ओरडले, "लेकुरवाळी हाये ती! राहू दे, आपल्याला कुठं लढाई करायची?"

मी त्या वेळी निजामाविरुद्ध चोरून पत्रके लिहीत आणि वाटत असे. खरे तर मला पकडणे हे त्यांचे काम. पण ते मला 'इन्किलाब' म्हणून हाक मारीत, "काय इन्किलाब, जेवलास का?" एकदा माझ्या पिशवीतले पत्रक त्यांनी काढून घेतले, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले आणि म्हणाले, "अरे, एका पानात 'जुलूम' कितीक बार लिवून राह्यला तू! वाचणाऱ्याला जरा दम तर खाऊ दे." मग "सरकारजमा" असे म्हणत त्यांनी तो कागद आत्याच्या चुलीत घातला. मी संतापलो. आत्याने त्याच जाळावरची भाकरी मला वाढली.

आपल्या उर्दूचा त्यांना भारी अभिमान. पण ती उर्दू आमच्याच मातीतली होती आणि तिच्यात भूतकाळाला एकच शब्द होता, परसों. कालच्या पलीकडे जे काही घडले ते सगळे परसों. प्लेग परसों आल्ता, आजोबा परसों वारले आणि मामांचे लग्नही परसोंच झाले होते. त्यावर आत्या म्हणायची, "परसों म्हणं! मंग पाच लेकरं काय आज सकाळी झाली?" सारे गाव असेच बोलायचे आणि कुणाचा कधी घोटाळा झाला नाही.

अठ्ठेचाळीसचा पावसाळा सरता सरता हिंदी फौज आली. मामांच्या टोपीवरचा बिल्ला बदलला, डोके तेच राहिले. निजामासाठी दोन वर्षे गावोगाव दहशत घालणाऱ्या रझाकारांपैकी उरलेसुरले हत्यारबंद लोक डोंगरांत, नाल्यांत लपले होते. फौजेजवळ बंदुका होत्या, पण वाटा ठाऊक नव्हत्या. पोलिसांना वाटा आणि माणसे ठाऊक, पण कालपर्यंत निजामाचे मीठ खाल्लेल्या पोलिसांवर भरवसा कुणाचा? तेव्हा दोघांनी मिळून शोध घ्यावा असा हुकूम निघाला. पहिल्याच दिवशी फौजेचा ट्रक काळ्या रानात चाकांपर्यंत रुतला आणि मामांनी बैल जुंपून तो बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी नाल्याला वेढा घालताना मामा सवयीने खाकरले. उत्तरेकडचा तरुण कप्तान दात-ओठ खाऊन म्हणाला, "जमादार, खाँसी है तो घर बैठो." त्या दिवसापासून मामा खोकला गिळू लागले. डोळ्यांत पाणी यायचे, पण आवाज नाही. मी आत्याला म्हणालो, "बघ, स्वराज्य आलं." आत्या हसली नाही.

मग शोध गावाच्या कडेला राहणाऱ्या, गाद्यांचा कापूस पिंजून देणाऱ्या म्हाताऱ्या पिंजाऱ्याच्या दारी आला. सारे गाव तमाशाला जमले, त्यात मीही होतो. कप्तानाने विचारले, "तुम्हारे घर रझाकार आए थे?"

"हौ साब, आए थे ना," पिंजारी सरळ म्हणाला. "परसों आए थे. रोटी खाए, मेरी बकरी बी ले गए."

ती बकरी गेल्याला वर्ष होत आले होते. रझाकारांनी बंदुका रोखून जेवण मागितले आणि जाताना बकरी सोडून नेली, हे गावातले शेंबडे पोरही जाणत होते. पण कप्तानाच्या भाषेत परसों म्हणजे परवा. परवा ज्याने रझाकारांना जेवू घातले तो त्यांचाच माणूस. खात्रीसाठी त्याने मामांकडे वळून विचारले, "परसों? ठीक सुना मैंने?"

मला वाटले, मामा आता खाकरतील. पण त्यांचा हात नव्या बिल्ल्याकडे गेला, टाचा जुळल्या आणि ते म्हणाले, "जी हुजूर. परसों बोला."

त्यात खोटे काहीच नव्हते. पिंजाऱ्याचे हात बांधून त्याला ट्रकमध्ये घातले आणि गावाने जयजयकार केला. माझ्या पत्रकांतले जुलमी नेहमी पलीकडचे असत. जयजयकाराच्या बाजूला उभे राहून लाज वाटते, हे मी कुठे वाचले नव्हते.

दुपारी पिंजाऱ्याची म्हातारी मामांच्या ओट्याशी आली. रडली नाही. एवढेच म्हणाली, "जमादार, तुमकू बी परसों नै समझा?" मामांनी पुढचे ताट सरकवले. दुसऱ्या दिवशी ते जालन्याच्या छावणीत गेले आणि कप्तानाला त्यांनी शब्दाचा अर्थ सांगितला.

"तो उसी वक्त क्यों नहीं बोले?"

"डर गया, साब."

कप्तान माणूस वाईट नव्हता. म्हणाला, गावातून साक्षीदार आणा. मामा घरोघर फिरले. पाटील म्हणाले, "जमादार, रझाकारांनी आमच्या गंजी जाळल्या तवा कोण आल्तं साक्षीला?" माझे पत्रकवाले सोबती म्हणाले, "रझाकाराच्या बाजूनं? बिलकुल न्हाई." अखेर आत्याने डोईवर पदर घेतला. "मी येते. बकरीचं दूध माझ्या लेकरांनी प्यालंय. ती कधी गेली ते मला म्हाईत न्हाई का?" गाडी मी हाकली. आमच्या दोघांच्या जबान्या झाल्या आणि पिंजारी सुटला.

सुटला, पण कोठडीतल्या मारात त्याचा उजवा कान बहिरा झाला होता. फौजी म्हणाले, ते पोलिसांनी केले. पोलीस म्हणाले, फौजेने. एकमेकांकडे बोट दाखवण्यात दोघांचे जमले तसे इतर कुठल्याच बाबतीत जमले नसेल. परतीच्या वाटेवर पिंजारी गाडीत मागे तोंड करून बसला होता.

त्या हिवाळ्यात गावातल्या गाद्यांत कापसाचे गोळे झाले. दर साली दसऱ्यानंतर पिंजाऱ्याला हाका पडायच्या, त्या साली कुणाच्या तोंडून त्याचे नाव निघेना. सारे गाव गोळ्यांवर कूस बदलत निजले. शेवटी एका सकाळी मामांनी घरची गादी स्वतःच्या खांद्यावर घेतली. अंगात साधी बंडी, डोके उघडे. पिंजाऱ्याच्या अंगणात त्यांनी गादी उतरवली आणि तिथेच जमिनीवर बसले. त्याने वर पाहिले, शिवण उसवली आणि पिंजायची कमान लावली. कमानीच्या तातीचा धुंग-धुंग आवाज सुरू झाला, कापूस उडू लागला. मामांच्या मिशा, भुवया पांढऱ्या झाल्या. बऱ्याच वेळाने ते पुढे सरकले, वाकले आणि हळूच म्हणाले, "चाचा, मेरेकू माफ करना."

ते त्याच्या उजव्या बाजूला बसले होते.

पिंजाऱ्याने तात थांबवली, मान वळवून डावा कान पुढे केला आणि विचारले, "क्या बोले, जमादार?"

मामांचे ओठ हलले. पण तेच वाक्य दुसऱ्यांदा त्यांना उचलेना.

"कुछ नै," ते म्हणाले. "कापूस अच्छा निकला, बोला."