सरळ चाल

शाळेच्या व्यसनमुक्तीच्या पथनाट्यात दारुड्याचं काम नववीतल्या मनालीकडे होतं. ती झोकांड्या खात आली, खांबाला मिठी मारली, वर्ग हसला. नाटक मीच बसवत होतो. न राहवून म्हणालो, "अगं, प्यायलेला माणूस असा चालत नाही. तो फार सरळ चालतो, फरशीची रेघ धरून. आणि दिसेल त्याला 'जेवलात का' विचारतो."

"सर, तुम्हाला कसं माहीत?"

दरवर्षी मी 'कुठंतरी वाचलंय' म्हणून सुटतो. या वेळी खरं बोललो. "मी असाच घरी जायचो. पहिला घोट तुमच्याच वयात घेतला, मित्र हसतील म्हणून. सुटायला वीस वर्षं गेली."

मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "सर, मग हे काम तुम्हीच करा की."

केलं नाही. मनालीच पुन्हा आली, ताठ, रेघ धरून, आणि खांबाला अदबीनं विचारलं, "जेवलात का?" हुबेहूब मी. लपवायचं काही असलं की माणसाची चाल फार सुधारते.

सोडून आता दहा वर्षं झाली. तरी घरात सरळ शिरलो की बायको रोखून बघते. म्हणून मी जरा वाकडाच शिरतो.