घट्ट तीर्थ

देवावर माझा विश्वास आहे की नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. सिंगापूरमधल्या पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये आई रोज पूजा करायची, बाबा हात पुढे करून तीर्थ घ्यायचे आणि मी ऑफिसच्या घाईत दारातूनच नमस्कार करून पळायचे. एवढाच माझा संबंध.

बाबांना स्ट्रोक आला आणि उजवी बाजू, बोलणं, गिळणं, सगळं एकदम गेलं. नाकात नळी आली. हॉस्पिटलची थेरपिस्ट, एक मलय ताई, पाण्यात पावडर घालून ते मधासारखं घट्ट करायची आणि चमचा तोंडाशी न्यायची. "अंकल, स्वॉलो." बाबा ते तसंच तोंडात धरून छताकडे बघत राहायचे. पातळ काही देऊ नका, ते फुप्फुसात जातं, असं तिने बजावलं होतं. तरी माझी पाठ वळताच आईने त्यांना पळीभर तीर्थ पाजलं. "अगं, तीर्थ आहे ते, पाणी नव्हे," ती म्हणाली, तोवर बाबा ठसकून निळे पडले होते. तोंडाने द्यायचं सगळं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर पाहू, नाहीतर पोटातून नळी घालू. चार दिवस मी आईशी बोलले नाही. देवाशीही नाही.

पाचव्या दिवशी थेरपिस्टने विचारलं, "त्या दिवशी नेमकं काय दिलं होतं?" मी खोटं बोलणार होते. पण काय झालं कुणास ठाऊक, सगळं सांगून टाकलं, आईच्या पिशवीतली पळीही दाखवली. ती रागावली नाही. तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "एवढीशीच? छान माप आहे लाह! आंटी, उद्या ते पाणी आणा. पण घट्ट मी करणार."

दुसऱ्या दिवशी तिने तुळशीचं पान अलगद बाजूला काढलं आणि तीर्थात पावडर ढवळली. आईने पळी पुढे केली. कुणी काही सांगायच्या आत बाबांनी डावा हात उचलला, तळवा खोलगट केला. तीर्थाला डावा हात पुढे केला म्हणून लहानपणी मला चापट मारणाऱ्या आईने पळी त्या तळव्यात रिकामी केली. हात तोंडाशी गेला. थेरपिस्टची बोटं त्यांच्या गळ्यावर होती.

"गिळलं," ती हळूच म्हणाली.

खोकला आला नाही. बाबांनी ओला हात डोक्यावरून फिरवला, रोज फिरवायचे तसाच.

नळी निघायला पुढे दोन महिने लागले, बोलणं अजून अडखळतं. ही कृपा होती की थेरपिस्टचं कसब, मला माहीत नाही. आभार मानले तर म्हणाली, "मी फक्त पावडर ढवळली."

हल्ली सकाळची एखादी गाडी चुकते. मी देवघरापुढे थांबते. काही मागत नाही, नुसता हात पुढे करते.