वर्गमूळ सोळा अधिक नऊ

आमच्या क्लासचं ऑफिस दादर पश्चिमेला, साड्यांच्या एका दुकानाच्या वर होतं. बँकेच्या परीक्षांची तयारी करून घेणारा क्लास. मी तिथे गणित शिकवायचे. मालक कॉलेजात माझ्याच वर्गात होता. चारचौघांत मी त्याला सर म्हणायचे आणि केबिनचं दार लागलं की अरे-तुरे. तो मला दोन्हीकडे 'अगं'च म्हणायचा.

लॉकडाऊन संपला, मुलं वर्गात परत आली, तरी ऑनलाइन कोर्स चालूच राहिला. त्यात जागेचं भाडं नव्हतं, मग मालक तो कशाला बंद करेल? कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये समीकरणं लिहायला वेगळं बटण होतं. ते दाबलं की एक चौकट उघडायची आणि तिच्यात वर्गमूळ, घात, अपूर्णांक एकेक करून भरायचे. वेळखाऊ काम. त्याने टायपिंगवाल्यांना सांगून जुन्या नोट्समधली गणितं कापली आणि चित्रं म्हणून चिकटवून टाकली. मी म्हटलं, हे असं नको करूस.

"मोबाइलवर दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग झालं तर."

त्यावर मी जास्त बोलले नाही. तीस तारखेला न चुकता पगार देणारा तो माणूस होता आणि मला त्याची किंमत होती.

ती आली त्या दिवशी नव्या बॅचचे प्रवेश चालू होते. बाहेरच्या खोलीत मुलं आणि पालक दाटीने उभे. साधारण तिशीची बाई, कॉटनचा पंजाबी ड्रेस, एका हातात पांढरी काठी, दुसऱ्यात फोन. बँकेत क्लार्क होती आणि ऑफिसरच्या परीक्षेसाठी तिने आमचा कोर्स घेतला होता. चार वेळा फोन केला, कुणी दाद दिली नाही, म्हणून स्वतः आले, असं तिने काउंटरवर सांगितलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "बसा ना मॅडम." ती बसली नाही. फोनचा आवाज पूर्ण वाढवून तिने आमचाच कोर्स लावला.

फोन बोलू लागला. "प्रश्न एक. चित्र. पर्याय अ. चित्र. पर्याय ब. चित्र. पर्याय क. चित्र."

खोलीतलं बोलणं थांबलं. कुणीतरी हसलं.

"हसू नका," ती त्या दिशेला वळून म्हणाली. "मी याची फी भरली आहे."

मालक केबिनमधून बाहेर आला. पालकांसमोर ठेवणीतला गोड आवाज काढून म्हणाला, "मॅडम, खरं सांगायचं तर आमचा कोर्स तुमच्यासारख्यांसाठी नाही बनवलेला."

"मग तसं जाहिरातीत लिहा. 'डोळे असतील तरच या.' ठळक अक्षरांत लिहा, मला काय, मला दिसणारच नाही."

त्याचा चेहरा पडला. त्याने मला पुढे ढकललं. "ह्या आमच्या गणिताच्या मॅडम. ह्यांच्याशी बोला." आणि दार लावून घेतलं.

मी तिला बाजूच्या रिकाम्या वर्गात न्यायला म्हणून कोपराला धरलं.

"हात सोडा. मी मागितला का?"

तिथूनच ती माझ्या डोक्यात गेली. नंतर लोक मला म्हणाले, बिचारी, तिची अडचण समजून घ्यायला हवी. अडचण मला समजत होती. ती मात्र मला आवडली नाही. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तिला त्या माझ्याआधी कळल्या असाव्यात, कारण तीही माझ्याशी एक शब्द गोड बोलली नाही.

मालकाने तोडगा काढला: प्रत्येक चित्राखाली एका ओळीत वर्णन लिहायचं, म्हणजे फोन ते वाचेल. वर्णनं मी लिहायची, वर्ग सांभाळून. मी आठवडाभर खपले आणि तिला कळवलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन.

"मॅडम, तुम्ही खरंच गणित शिकवता?"

"म्हणजे?"

"'वर्गमूळ सोळा अधिक नऊ.' उत्तर किती?"

"पाच," मी म्हटलं. समोर चित्र होतं, मुळाच्या चिन्हाचा छपरासारखा दांडा दोन्ही आकड्यांवरून गेलेला स्पष्ट दिसत होता. सोळा अधिक नऊ पंचवीस, त्याचं मूळ पाच.

"मी तेरा काढलं. सोळाचं मूळ चार, अधिक नऊ. तेरा तुमच्या पर्यायांत आहे आणि ते चूक धरलंत. तुमच्या वाक्यात मूळ कुठे संपतं ते सांगा ना मला."

मी म्हणाले, "सवय झाली की कळेल."

"तुम्हाला सवय आहे. डोळे मिटा आणि सांगा." तिने फोन ठेवला.

मला इतका संताप आला की मीच उलटा फोन लावला. काय बोलले ते सगळं आठवत नाही. 'उपकार' हा शब्द मी वापरला, हे आठवतं, कारण तिने तो पकडला. "उपकार नको. विकलेला माल द्या. शनिवारी घरी या, माझ्या फोनवर स्वतः ऐका, मग बोला."

मी गेले ते तिला खोटं पाडायला. गिरगावात, फणसवाडीतल्या जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर ती आईबरोबर राहायची. आईने दार उघडलं, मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत निघून गेली. चहा कुणी विचारला नाही. गिरगावातल्या घरात पाणीसुद्धा न विचारता मला बसवून ठेवलं, हे मी लालबागला घरी येऊन आधी सांगितलं, गणिताचं नंतर.

जाताना मी शहाणपणाने एक काम केलं होतं. काही प्रश्न, चित्रं काढून टाकून, समीकरणाच्या बटणाने नव्याने लिहिले होते. माझी खात्री होती की फोन आता सगळं बरोबर वाचेल आणि तिचं तोंड बंद होईल. तिने फोन मराठी आवाजावर लावला आणि प्रश्न उघडला.

"सोळा नऊ," फोन म्हणाला.

मूळही नाही, अधिकही नाही. त्या आवाजाला चिन्हं कळतच नव्हती, म्हणून तो ती गिळून पुढे जात होता.

"अभिनंदन," ती म्हणाली. "आधी निदान अर्धं ऐकू येत होतं."

मी तिच्याकडून फोन मागितला. तिने दिला नाही. मग मी सांगत गेले आणि ती बोटं फिरवत गेली, दोघी एकमेकींवर खेकसत. "सेटिंगमध्ये जा." "तिथेच आहे मी." "आवाज बदला." "कुठला?" "इंग्रजी." तो लावल्यावर फोनने इंग्रजीत वाचलं: मूळ सुरू, सोळा अधिक नऊ, मूळ समाप्त. स्वच्छ. मग तिने अपूर्णांकाचं एक गणित लावलं. तेही स्वच्छ, वरचं कुठे संपलं आणि खालचं कुठे सुरू झालं हे सांगून.

तिने फोन मांडीवर ठेवला. मला वाटलं आता काही बरं बोलेल.

"म्हणजे बटण पहिल्यापासून होतं," ती म्हणाली.

"होतं."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं."

"मी सांगितलं होतं. ऐकलं नाही त्यांनी."

"एकदा सांगून तुम्ही मोकळ्या झालात."

मी विषय बदलला. म्हटलं, पण मग प्रश्नाची मराठी वाक्यं इंग्रजी आवाज धड वाचणार नाही, मी चिन्हांचे शब्दही मराठीत बसवून बघते, थोडा वेळ द्या. मी परळच्या मराठी शाळेत शिकलेली, मला ते महत्त्वाचं वाटत होतं.

"मराठीचं तुम्ही नंतर बघा. माझी परीक्षा इंग्रजीत आहे. मला गणित हवंय."

खाली उतरताना जिन्यात मी तिला मोठ्याने शिवी दिली. मालवणी शिवी, आमच्या आजीची. तिने ऐकली असेल तर ऐकू दे.

तरी सगळी गणितं मी बदलली. तिच्यासाठी नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे. चित्रातलं गणित ही ढिसाळ गोष्ट होती आणि माझ्या विषयाची ढिसाळ गोष्ट मला कुणीतरी तोंडावर दाखवली होती. वर्ग संपले की मी बसायचे, एकेक चित्र काढून टाकायचे, एकेक समीकरण लिहायचे. मालकाने पाहिलं.

"एका बाईसाठी एवढं?"

"कोर्स नीट होतोय."

"नीटच होता. तुला तिने घाबरवलंय."

"हो, घाबरवलंय. तुला घाबरवायला ती आतपर्यंत पोचली नाही, तू दार लावलंस."

त्यानंतर आम्ही दोघं केबिनमध्येही कामापुरतंच बोलू लागलो. ती मात्र मेसेज करत राहिली. नमस्कार नाही, नाव नाही. 'टक्केवारी, तिसरा प्रश्न, कंस उघडतो, बंद होत नाही.' मी दुरुस्त करायचे आणि लिहायचे, 'झालं.' बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं. एकदा नव्हतं. तेव्हा मी लांबलचक मेसेज लिहून तिची चूक समजावली, आणि मला फार बरं वाटलं.

काम संपलं तशी मालकाला अक्कल आली. दादर स्टेशनबाहेर आमचे बॅनर लागले: 'दृष्टिहीनांसाठी खास कोर्स', शेजारी काळा चष्मा लावून हसणारी कुठलीतरी मुलगी. त्याने मला विचारलं होतं, तिचाच फोटो मिळेल का. मी विचारायला नकार दिला होता. तिला कुणीतरी बॅनर वाचून दाखवला आणि तिचा फोन मला आला, त्याला नाही.

"हे तुमचं डोकं?"

"नाही."

"मग उतरवा."

"माझ्या हातात नाही."

"तुमच्या हातात कधीच काही नसतं."

त्या दिवशी मी केबिनमध्ये गेले आणि दार उघडंच ठेवून त्याला अरे-तुरे केलं. म्हटलं, बॅनर काढ, नाहीतर मी जाते. बाहेर सगळ्यांना ऐकू गेलं. त्याने बॅनर काढला नाही. म्हणाला, "जा. गणिताचे मास्तर पैशाला पासरी मिळतात." महिना भरला आणि मी गेले. परळला एका कंपनीत तेच काम मिळालं, समीकरणं लिहायचं, पगारही बरा. तिथे पहिल्याच आठवड्यात मी चित्रांवरून भांडले.

गेल्या श्रावणात दादरच्या फुलबाजारात ती दिसली. आईसाठी शेवंती घेत होती, फुलवाल्याशी घासाघीस चालली होती. मी निघूनच जाणार होते, तिला कळलंही नसतं. पण ते मला बरं वाटलं नाही. जवळ जाऊन म्हटलं, "मी. क्लासमधली गणितवाली."

"आवाजावरून कळलं," ती म्हणाली. मग फुलं चाचपत, "झाले मी पास. पुढच्या महिन्यात नाशिकला बदली."

"अभिनंदन."

"गणितात मार्क कमी पडले. इंग्रजीने तारलं."

मी म्हटलं, "गणिताची तयारी कमी केली असणार."

"तुमचा कोर्स उशिरा सुधारला," ती म्हणाली, आणि फुलवाल्याकडे वळून मोजून पैसे देऊ लागली.

फुलवाल्याने पुडा बांधून तिच्या हातात दिला. मागून हातगाडीवाला ओरडत आला. मी नकळत तिला धरायला हात पुढे केला आणि वेळीच मागे घेतला. ती आधीच बाजूला झाली होती.