घारगावचं बुकिंग कुणी केलं?

आधीच सांगते, मी बँकेत नोकरी करणारी बाई. देवाशी ओळख नमस्कारापुरती, आणि चमत्काराच्या गोष्टी ऐकल्या की मला हसूच येतं. तरीही हे लिहितेय, कारण... वाचाच!

गेल्या वर्षी माझं मोठं ऑपरेशन झालं. तेव्हा सासूबाईंनी परस्पर नवस बोलून टाकला – "सून बरी होऊन घरी येऊ दे, आळेफाट्यापासून शिर्डीपर्यंत पायी येईन." पायी म्हणजे पायी, मध्ये गाडीत बसलं की नवस मोडला! त्यांचा गुडघा दुखरा, म्हणून सोबत मीही निघाले. नवऱ्याची एकच अट होती – कुठेही मुक्कामाची सोय झाली नाही, तर तो गाडी घेऊन येणार आणि दोघींना सरळ घरी नेणार.

मग काय, मी सगळे मुक्काम आधीच बुक केले. सासूबाईंना ते अजिबात पटलं नाही. "देवाच्या वाटेवर कसलं गं बुकिंग? पाठ टेकंल तिथं मुक्काम!"

"आई, पाठ तुमची, पण बोलणी मला बसतील ना!"

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी कॅलेंडर पाहिलं – उद्या अमावस्या! झालं... निघणं एक दिवस पुढे. मी फोन करून करून सगळी बुकिंग बदलली – नेमकं पहिलंच राहिलं.

ते कळलं घारगावात, दिवस मावळताना. लॉजवाला म्हणाला, "ताई, तुमची खोली कालची होती. आज सगळीकडं वऱ्हाड उतरलंय."

आई पायरीवर बसून म्हणाल्या, "झालं का तुझं बुकिंग?" हसत होत्या, पण गुडघा चोळत होत्या. नवस आता मोडणार, तोही माझ्यामुळे, या विचाराने मला रडूच फुटायचं बाकी होतं. नवऱ्याला फोन लावायला मोबाईल काढला...

तेवढ्यात मागच्या वस्तीवरून एक बाई तरातरा आल्या. "आळेफाट्याच्या सासू-सुना तुमीच ना? किती येळ वो! पानी तापून तापून आटलं की!"

त्यांच्या घरी खरंच बादलीत कढत पाणी, ओटीवर अंथरूण, तव्यावर भाकरी. "वांगं न्हाई केलं हां. तुमच्यात चंपाषष्ठीपर्यंत चालत न्हाई म्हनला."

"कोण म्हणाला?"

"तुमचा मानूस! काल दुपारी सायकलवर आल्ता. म्हनला, आजच यायच्या हुत्या, पर अमावस्या आडवी आली, उद्या येत्याल. सासूच्या गुडघ्याला तेल गरम करून ठिवा."

मी नवऱ्याचा फोटो दाखवला. बाईंनी निरखून पाहिला. "छ्या! ह्यो लई गुबगुबीत हाय." आई पदरात तोंड लपवून हसत सुटल्या.

अमावस्येचं आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. नवरा त्या दिवशी ऑफिसात होता, आईंनी कुणाला सांगितलं नव्हतं, बुकिंग बदलताना मीही कारण दिलं नव्हतं, आणि सायकल तर आमच्या घरात कुणाकडेच नाही. नवरा म्हणतो, "योगायोग." वांग्यासकट? आमच्यात चंपाषष्ठीपर्यंत वांगं खरंच वर्ज्य असतं! मला आजही याचा उलगडा झालेला नाही. तुम्ही जाणार असाल तर बुकिंग जरूर करा, मी अजूनही करते.

शिर्डीला पोचलो. समाधीसमोर आईंनी स्वतःचे हात जोडलेच नाहीत. माझा हात धरून वर केला आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "बाबा, ही बघ माझी सून. चालत आलीय!"