बाळंतिणीची शेगडी

पुणतांब्याहून मी निघाले ती दीड महिन्यासाठी. दादा, गाडी तूच हाकत होतास. लढाईचे दिवस होते. आपल्या आक्काला बाळंतपणाला माहेरी आणायचं ठरलं होतं. पण तिच्या पायांवर सूज चढली, घाट उतरवेना. तिचे यजमान राजूरपलीकडच्या डोंगरगावात शाळामास्तर, म्हणून मलाच तिकडे धाडलं. मी सोळा वर्षांची होते. आईने माझ्या मांडीवर लोखंडी शेगडी ठेवली. म्हणाली, "खोली बंद ठिव. बाळंतिनीला वारं लागू देऊ नगं."

आपल्याकडे थंडी म्हणजे पौष-माघातल्या सकाळी. अंगणात तुराट्या पेटवायच्या, ऊन वर आलं की कामाला लागायचं. इथला गारठा पावसाचा. श्रावणात आठ-आठ दिवस सूर्य नाही; अंथरूण ओलं, भिंती ओल्या. डोंगरातली माणसं घराच्या मधोमध विस्तव ठेवत आणि त्याभोवती निजत. धूर कुडाच्या भिंतींतून निघून जाई. मला ती काळवंडलेली घरं बघवत नसत. मास्तरांची खोली दगडी होती. मी खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, दाराखाली पोतं लावलं आणि आक्काच्या बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली.

बाळाला न्हाऊ घालणारी शेजारची सखूबाई एकदा म्हणाली, "दार जरा किलकिलं ऱ्हाऊ द्या." मी तिला उलट विचारलं, आमच्या कोळशाला धूर कुठे आहे?

मुलगी झाल्यावर दहाव्या दिवशी पाऊस जरा थांबला, तशी सखूबाई बाळाला आपल्याच चुलीजवळ न्हाऊ घालायला घेऊन गेली. मीही गेले. मास्तर शाळेत होते. निघताना मी शेगडीत ताजे कोळसे घातले आणि दार घट्ट ओढून घेतलं. परत आले तर आक्का निजलेली, गाल लाल. मला वाटलं, आज हिला चांगली ऊब लागली. पाजायला म्हणून बाळ तिच्या कुशीत ठेवलं, तेव्हा कळलं.

सगळे म्हणाले, बाळंतज्वराने गेली. वडीलधाऱ्यांनी ठरवलं आणि वर्षाच्या आत माझं मास्तरांशी लग्न लागलं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी नाही म्हटलं नसतं.

चार-पाच वर्षांनी राजूरच्या बाजारात दवाखान्याची नर्स बायकांना समजावत होती, की बंद खोलीत कोळशाचा विस्तव माणूस मारतो, धूर दिसत नसला तरी. मी बाजार अर्धाच टाकून निघाले.

घरी येऊन मास्तरांना सांगितलं. ते वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. खोलीत शिरलो आणि डोकं गरगरलं. तुला सांगितलं असतं तर तू जगली नसतीस. मग पोरीला कोण होतं?"

त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही.

आई गेल्याचं तुझं पत्र आलं, म्हणून आज लिहिते आहे. तिला मी शेवटपर्यंत ज्वरच सांगितला. माहेरी आले की ती माझ्या तोंडावरून हात फिरवायची, ते सोसत नसे. म्हणून येणं कमी केलं. तुम्हांला वाटलं, मी डोंगरात रमले.

पोर आता लग्नाची झाली आहे. मला आई म्हणते. तिला यातलं काही ठाऊक नाही. जोवर सांगत नाही तोवरच हे घर माझं, असं वाटतं. आणि सांगितल्याशिवाय तिला सासरी धाडायचं नाही, हेही मी ठरवलं आहे.